आमच्याकडे नसलेला माणूस

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी नीट सांगता येत नाही. ही एक केस मात्र अजून वेगळी उभी आहे. नावे कुणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसे आजही त्याच गावात राहतात आणि एकमेकांच्या दारावरून जातात.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस अधीक्षकांचा फोन आला. औंढा तालुक्यातला एक तरुण बेपत्ता होता आणि त्याच्या आईने औरंगाबादच्या खंडपीठात हेबिअस कॉर्पसची याचिका केली होती. पोलिसांनी माझ्या मुलाला बेकायदा डांबून ठेवले आहे, त्याला कोर्टापुढे आणा, असे तिचे म्हणणे होते. त्या तालुक्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने चौकशी करावी, असा कोर्टाचा आदेश होता. साहेबांनी माझे नाव कळवले होते.

"वकील कोण आहे?" मी विचारले.

साहेबांनी एका बाईंचे नाव घेतले.

त्या वकीलबाई आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत होत्या. कोठडीतला मृत्यू असो, विनाकारण अटक असो, मोर्चातल्या पोरांवरचे गुन्हे असोत, मराठवाड्यातली नागरी हक्कांची कामे बहुतेक त्यांच्याच चेंबरमधून निघत. फी देऊ न शकणारी माणसे त्यांच्या जिन्यावर बसलेली असत. त्यांनी माझाही एकदा उलटतपास घेतला होता. आवाज न चढवता त्या विचारत गेल्या आणि मी माझ्याच पंचनाम्यात अडकत गेलो.

बेपत्ता तरुण पिंजाऱ्याच्या घरचा. कापूस पिंजून गाद्या भरण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. तो जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गाद्या विकायला बसायचा. त्याच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्या घरचा जावई, हा याचिकेतला एकमेव प्रत्यक्षदर्शी होता. त्याने शपथेवर लिहून दिले होते की बाजाराच्या दिवशी दुपारी साध्या कपड्यातले चौघे पांढऱ्या जीपमधून आले, आपण पोलीस आहोत म्हणाले आणि तरुणाला घेऊन गेले. लोकांनी हे लगेच मानले. त्याला कारणही होते. मोबाइलवर फिरलेल्या एका मजकुरावरून त्या तरुणाला आधी एकदा ठाण्यात दिवसभर बसवून ठेवले होते. त्यातून काहीच निघाले नव्हते, पण तो बसलेला अख्ख्या बाजाराने पाहिला होता.

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. आपल्यापैकीच कोणीतरी नोंद न करता पोरगा उचलला, आणि आता पोरगा दाखवता येईना म्हणून नाही म्हणतात, असा माझा पहिला अंदाज होता. म्हणून मी आधी त्या तालुक्यातली आमचीच माणसे तपासली. त्या दिवशी कोणती गाडी कुठे होती, कोण रजेवर होते, कोठडीत कोण होते, सगळे पाहिले. काही हाती लागले नाही. पण काही न सापडणे म्हणजे काही घडले नाही असे नसते, हे पोलिसाइतके कुणाला कळणार?

मग मी तरुणाच्या घरी गेलो. आई पन्नाशीच्या पुढची, अंगणात कापसाच्या ढिगाशी बसलेली. लेक, म्हणजे त्या जावयाची बायको, माहेरीच होती. ती दाराआडून ऐकत राहिली, पुढे आली नाही. मी खुर्चीवर बसलो तशी म्हातारीने माझ्या बुटांकडे पाहिले आणि मी पोलीस असल्याचे ओळखले.

"सायेब, मी तुमच्यासंगं भांडत न्हाई," ती म्हणाली. "त्याला फेफरं येतंय. गोळी चुकली की पडतंय पोरगं, जीभ चावून घेतंय. तुमाला त्याला मारायचं तर मारा, पर गोळी बराबर द्या."

"आई, तो आमच्याकडे असेल तर मी त्याला आणीन."

"हाय की. गोळ्या पोचून राहिल्यात त्याला, तेवढ्यावर मी सबर करून हाय."

"कोण पोचवतं?"

"जावई. दर बाजाराच्या दिशी पुडी नेतो आन् ठाण्याच्या गेटावर हवालदाराला देतो. हवालदार घेतो म्हने गुमान."

म्हणजे पोरगा खरोखर आमच्याच कुणाकडे होता, असे मी धरले. परतताना जवळा बाजारला थांबलो. तिथला एक चहावाला पूर्वी माझ्या ठाण्यासमोर गाडी लावायचा आणि तेव्हा त्याच्याकडून कधीमधी खबर मिळायची. त्याने गिऱ्हाईक पांगू दिले आणि मग सांगितले, "सायेब, त्या दिशी जीप आलीच न्हाई. तुमची मान्सं आली असती तर आमी आधी हातगाड्या आवरल्या असत्या. निस्ता वास आला तरी बाजार हलतो."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"काहून बोलू? अख्खं गाव म्हनतंय पोलिसांनी नेला. मी न्हाई म्हनलो तर मी तुमचा मानूस."

एकीकडे हवालदार गोळ्या घेतो, दुसरीकडे जीप आलीच नाही. दोन्ही खरे असणे शक्य नव्हते.

जावयाचा जबाब घ्यायचा तर तो वकिलांच्या उपस्थितीतच घ्यावा, अशी अट वकीलबाईंनी कोर्टाकडून मिळवली होती. त्यामुळे माझ्या नोकरीतला तो एकच जबाब मी वकिलाच्या चेंबरमध्ये घेतला. पहिल्या मजल्यावरची लहान खोली होती. छतापर्यंत फायली आणि खिडकीत एक कूलर. जावई भिंतीला पाठ लावून बसला. तिशीचा, दिसायला साधा, हात सारखे गुडघ्यांवर घासणारा. बाईंनी त्याला पाणी दिले आणि मला म्हणाल्या, "विचारा. पण धमकावलंत तर इथेच थांबवीन."

जीपचे त्याने सगळे नीट सांगितले. पाठ केल्यासारखे नव्हे, चांगले सांगितले. मी लिहीत गेलो. मग विचारले, "गोळ्या कोणत्या हवालदाराने घेतल्या?"

त्याचे हात थांबले. त्याच्या आधी बाईच बोलल्या.

"कसल्या गोळ्या?"

मी म्हातारीने सांगितलेले सांगितले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या जावयाकडे वळल्या.

"पोलिसांनी औषध घेतलं म्हणजे माणूस आपल्याकडे आहे हे कबूल केलं. आपल्या बाजूचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"ध्यानात आलं न्हाई, म्याडम."

"दर आठवड्याला देता आणि ध्यानात आलं नाही?"

त्या हळू आवाजात पुढे म्हणाल्या, बहुधा स्वतःशीच, "जे ठाणं कोर्टात तो आमच्याकडे नाही म्हणून लिहून देतं, ते त्याच्या गोळ्या कशाला घेईल?"

त्याच क्षणी मलाही ते कळले. इतकी वर्षे ठाण्यात काढून मला ते म्हातारीच्या अंगणात कळायला हवे होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी पुढे सरकून पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात बाईंनी हात आडवा केला.

"जबाब इथे संपला," त्या म्हणाल्या. आणि जावयाला, "यापुढे मी तुमचं काम पाहू शकत नाही. तुम्ही स्वतःसाठी वेगळा वकील घ्या. तोपर्यंत या साहेबांना किंवा मला, कुणालाही काही सांगायला तुम्ही बांधलेले नाही. कळतंय?"

मी जिन्यावर त्यांना गाठले. "बाई, तो तुटायच्या बेतात होता. तुम्ही त्याला सावध केलंत."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुमच्या माणसांनी एखाद्याला तोडताना त्याला सावध करायला मी नव्हते, अशा केसेस माझ्याकडे त्या खोलीभर आहेत. आज मी होते. उद्या कोर्टात त्याचा शब्द टिकायचा असेल तर असाच टिकेल."

मी रागातच जिना उतरलो.

जावयावर साध्या वेशातल्या पोलिसांची नजर ठेवून मी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला माणसे पाठवली, कारण त्याचे गाव तिकडेच होते. त्या बाजाराच्या दिवशी धरणाकाठी मेंढ्या चारत असलेला एक म्हातारा सापडला. एका मोटारसायकलवर दोघे आले होते, वाद चालला होता आणि परत जाताना एकटाच होता, असे त्याने सांगितले. इतके दिवस गप्प का, असे विचारल्यावर म्हणाला, "त्याला तर बाजारातून पोलिसांनी नेलं म्हनत्यात. मला वाटलं, म्या पाह्यला तो दुसराच कोनी असंल."

अपहरणाचा गुन्हा नोंदवून जावयाला रीतसर अटक केली. त्याच दिवशी बाईंचा फोन आला. "त्याला विधी सेवेतून वकील मिळाला का? आणि ऐका, त्याला हात लागला तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. त्याच्या सासूला आधी सांगेन आणि मगच उभी राहीन."

हात लागला नाही. वकील भेटून गेल्यावर मी त्याला माझ्या खोलीत बसवले. धरणाबद्दल, मोटारसायकलबद्दल तो काही बोलला नाही. मग मी एवढेच विचारले, "त्या गोळ्यांचं काय करायचास?"

"नालीत टाकायचो. अम्मा दर वेळी नवी पुडी बांधून द्यायची. म्हनायची, त्याला सांग, उपाशीपोटी खाऊ नको म्हनून."

आणि तो रडू लागला. पुढचे त्याने आपणहून सांगितले. तो बायकोला मारायचा. ती माहेरी आली होती. मेहुणा म्हणाला, बहीण आता परत पाठवणार नाही. बोलणी करू म्हणून दोघे धरणाकडे गेले. तिथे याने त्याला ढकलले, तो दगडावर पडला आणि पडल्या पडल्या त्याला फेफऱ्याचा झटका आला. जावई उभा राहिला.

"म्या काहीच केलं न्हाई, सायेब. निस्ता उभा होतो. मग तो थांबला."

बुडीत क्षेत्रातल्या एका सोडून दिलेल्या विहिरीत त्याने प्रेत टाकून वर दगड लोटले होते. पंचांसमक्ष त्याने ती विहीर दाखवली. शेवटी मी त्याला विचारले, की पोलिसांचेच नाव का घेतले. त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले.

"दुसरं काही सांगितलं असतं तर लोकांनी हजार गोष्टी विचारल्या असत्या. पोलिसांनी नेलं म्हनल्यावर कोनी काहीच विचारत न्हाई."

म्हातारीला सांगायला मी गेलो तेव्हा वकीलबाई आपल्या गाडीने आधीच पोचल्या होत्या आणि कापसाच्या ढिगाशी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. सांगायचे काम त्यांनी माझ्यावर सोडले. ते बरोबरच होते. मी सांगितले. म्हातारीने मला दोनदा विचारले.

"म्हंजे तुमच्याकडं नव्हताच?"

"नव्हता."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही, आई."

ती हातातला कापूस विंचरत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडं असता तर बरं झालं असतं, सायेब. कितीबी मारला असता तरी एक दिवस घरी आला असता."

दाराआडची लेक आत निघून गेली. भांडे पडल्याचा आवाज आला, पण बघायला कोणी उठले नाही.

खंडपीठात याचिका काही मिनिटांत निकाली निघाली. पोलिसांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, असे आदेशात आले. त्या तालुक्याच्या ठाण्यात पेढे वाटले. मलाही एक मिळाला. तो मी बराच वेळ हातात धरून बसलो आणि नंतर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला.

लोक विचारतात, या केसने काय शिकवले. तपासापुरते सांगायचे तर एवढेच, की जो माणूस नातेवाइकांना दिलासा देतो, त्याने तो कुठून आणला हे आधी पाहावे. पण खरी गोष्ट वेगळी आहे. त्या माणसाने आपले खोटे लपवायला आमची वर्दी निवडली आणि ती अगदी बरोबर बसली. आईने मानले, गावाने मानले, बाईंनी मानले, मीही मानले. याबद्दल मी फक्त त्यालाच दोष देऊ शकत नाही.

खटल्यात माझी साक्ष झाली तेव्हा बाई म्हातारीसोबत आल्या होत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही उभे राहिलो. त्या थकलेल्या दिसत होत्या. मी म्हणालो, "आता तुम्ही याचिका करण्याआधी घरच्यांनाही तपासत असाल."

"तपासते," त्या म्हणाल्या. "मागे एक बाप आला होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. म्हणाला, पोराला पोलिसांनी नेलंय. आधी असते तर त्याच दुपारी कोर्टात गेले असते. या वेळी म्हटलं, दोन दिवस थांबा, मी खात्री करून घेते."

"मग?"

"तो खरं बोलत होता."

पुकारा झाला. त्यांनी कोट नीट केला, म्हातारीचा हात धरला आणि आत गेल्या. त्या दोन दिवसांत त्या पोराचे काय झाले, हे मी विचारले नाही. आयुष्य खाकीत काढलेल्या माणसाला ते विचारावे लागत नाही.