चौथ्या बाटलीचा रिपोर्ट

यंदा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठला, आमच्या सोनिवलीच्या विहिरीचं पाणी चौथ्यांदा तपासणीसाठी भरलं. फी नऊशे रुपये. हजर मी, बायको आणि शेजारी राहणारा थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा.

दहा मिनिटं मोटर चालू ठेवायची, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरून बर्फाच्या डब्यातून अंबरनाथच्या प्रयोगशाळेत पोचवायची. हे आता पाठ झालं होतं आणि नकोसंही. दादा कठड्यावर बसून बघत होता.

"पान्याची पत्रिका जुलते का बग," तो म्हणाला. "नायतर दुसरी विहीर बग."

मुलगी सात महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. घरी विहिरीचं पाणी आहे म्हटल्यावर तिच्या डॉक्टरीणबाईंनी नायट्रेट तपासायला सांगितलं होतं. बाळाला वरचं दूध द्यावं लागलं तर ते याच पाण्यात कालवलं जाणार, आणि नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी पडतो. आमची मुलगीही वरच्या दुधावरच वाढलेली.

मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम. नोव्हेंबरात बासष्ट आलं, डिसेंबरात एकाहत्तर. बायको म्हणाली, "मी वीस मिनिटं उकळीन." प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. विकतच्या जारचं पाणी तपासलं, तर एकोणपन्नास. नगरपालिकेचा नळ आमच्या गल्लीपर्यंत आलेला नाही.

विहिरीला लागून दादाचा पालक-मेथीचा मळा. नदीकाठची रेताड जमीन. खत धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर त्यातलं नायट्रेट खाली विहिरीत उतरतं. डिसेंबरात मी त्याला युरिया बंद करायला सांगितलं. त्याने वाद न घालता बंद केला. जानेवारीचा आकडा अठ्ठावन्न आला. बायकोने माळ्यावरचा पाळणा काढून धुतला.

फेब्रुवारीचा रिपोर्ट पाच दिवसांनी मिळाला. त्र्याऐंशी.

त्या दिवशी मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. दादा बाजारात गेलाय असं समजून त्याच्या खोपीत शिरलो आणि युरियाच्या गोणी मोजल्या. सात. डिसेंबरातही सातच होत्या. तेव्हा त्याच्या नकळत मोजून ठेवल्या होत्या. वळलो तर तो दारात.

"मोजल्यास?"

"सात आहेत."

"मंग? घरात पन घुस. बायकोलाबी आन मोजायला. पालक बगितलास कवा? पिवला परलाय. बाजारात कुत्रा इचारत नाय."

मी खाली मान घालून निघून आलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, "मागच्या हंगामांचं खत खालच्या थरात असतं. वरून पाणी द्याल तसं ते उतरत राहतं. आज बंद केलं तरी विहिरीत फरक दिसायला वर्षंही लागतील."

"मग जानेवारीत कमी कसं आलं?"

"एका आकड्यावरून काही ठरवू नका हो."

आयुष्यभर हिशेब लिहिणारा मी, एका आकड्यावर पाळणा धुवून बसलो होतो आणि पुढच्या आकड्यावर भावाला चोर ठरवलं होतं.

संध्याकाळी जाऊन दादाची माफी मागितली आणि बाईंचं म्हणणं सांगितलं. त्याने मळ्याकडे बोट केलं.

"म्हंजे मीच घातलेलं हाय हे. इतक्या वर्सांचं." मग विचारलं, "पोर कवा येनार?"

"मार्चमध्ये."

"हितं नको आनू. नळ असंल तिकरं खोली बग."

चिखलोलीत एका खोलीचा फ्लॅट मिळाला. नळाचं पाणी तपासलं, नऊ आलं. माहेर तिथे हलवलं.

दादाला पालकाच्या नुकसानीचे सहा हजार देऊ केले. त्याने घेतले नाहीत. शेवटी पैसे गेले ते असे: फ्लॅटमालकाला अनामत तीस हजार आणि चार महिन्यांचं भाडं छत्तीस हजार, एजंटला नऊ हजार.