धानाची वर्गणी भरणारे गुरुजी

आदरणीय देवरामजी रामटेके गुरुजींच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला, तेव्हा त्याला जोडून एक सूचनाही आली. लेख ‘गोड’ असावा. मी शहापूरच्या शाळेत मराठी शिकवते, गोड लिहिता येतं मला. पण कुणाला गोड लागावं म्हणून गुरुजींनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. त्यांचा गौरव साखरेत घोळून केला तर तो त्यांनाच गिळवायचा नाही. तेव्हा समितीने मन घट्ट करून लेख आहे तसा छापावा, ही विनंती.

गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आसगावला, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर. माझी आई कौसाबाई तिथे मजुरीत मिळालेलं धान पाखडत होती आणि मी तिच्याजवळ बसले होते. आमचा भंडारा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळा झाला, आणि अड्याळचं मुलींचं वसतिगृह चालवणारी जुनी संस्था तिकडच्या वाट्याला गेली. वसतिगृह पोरकं झालं. ते बंद पडू नये म्हणून इथल्या चार लोकांनी इथेच नवी संस्था नोंदवायचं ठरवलं, आणि तिची घटना लिहायचं काम गुरुजींकडे आलं. संस्थेचं नाव या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत आहेच, मी पुन्हा लिहीत नाही.

गुरुजी सायकल लावून खळ्यावर आले आणि आईला म्हणाले, “बाई, आमच्या संस्थेचे सभासद व्हा.”

आई हसली. “बाप्पा! आमच्यापाशी पैसे कोठचे जी गुरुजी?”

“धान तं आहे न. धानाची वर्गणी घेतो आमी. पोरी तेच खातीन.”

“अना धान देऊन मले काय भेटन?”

“मत भेटन. सभेत तुमचा हात वर झाला का तो मोजाच लागते. शेठचा असो का तुमचा.”

आईने सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचा हात आजवर कुणी मोजला नव्हता. तिने तिथल्या तिथे सुपातलं धान त्यांच्या पिशवीत ओतलं, आणि पुढच्याच सत्रात मला त्या वसतिगृहात घातलं.

गुरुजींच्या घटनेत सभासदांचे चार वर्ग होते. मोठी देणगी देणारे ते आश्रयदाते. एकदाच भरघोस रक्कम भरणारे आजीव. दरवर्षी वर्गणी भरणारे साधारण, आणि यांना वर्गणी रोख किंवा धानात भरता येई. चौथे मानद, म्हणजे संस्थेने सन्मानाने बोलावलेले. पहिल्या तिन्ही वर्गांना मत एकच. मानदांना सभेत बोलता येई, मत मात्र नाही, कारण पाहुण्याने घर चालवू नये असं गुरुजींचं म्हणणं. साध्या चार ओळी आहेत या, पण आमच्याकडच्या एका राइस मिलवाल्या शेठजींच्या घशाखाली त्या काही केल्या उतरेनात. त्यांनी वसतिगृहाला एक खोली बांधून दिली होती.

“गुरुजी, अख्खी खोली देल्ली मी. अना मत त्या धानाचा रोवणा करणाऱ्या बायांइतकंच?”

“खोलीले तुमच्या बाबाजींचं नाव देऊ जी,” गुरुजी म्हणाले. “संगमरवरात कोरू. मत एकच.”

आर्थिक नियमांत तर गुरुजी त्याहून कडक. जुन्या संस्थेत रोकड ज्याच्या खिशात त्याचीच संस्था, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक धनादेशावर दोन सह्या, हातात रोकड नावापुरती, आणि जी वर्गणी बँकेत जमा झाली नाही ती मिळालीच नाही असं समजायचं. वसतिगृहात असताना मी एकदा तापाने फणफणले. दुसरी सही करणारे बाहेरगावी होते. गुरुजींनी पेटीतल्या पैशाला हात लावला नाही. स्वतःच्या पैशाने जीप केली, मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आई येईपर्यंत खाटेजवळ बसून राहिले. पुढे तो खर्च संस्थेकडून घेतलाही नाही, कारण आधी मंजुरी नव्हती! आई म्हणायची, हा माणूस नियमानं जेवते अना नियमानंच उपाशी राहते.

आता ज्या गोष्टीची समितीला धडकी भरली असेल तिच्याकडे येते.

वसतिगृह रस्त्यालगत आहे. काही वर्षांनी शेठजींच्या मनात आलं की पुढच्या खोल्या पाडून तिथे मंगल कार्यालय बांधावं, भाडं येईल, संस्था श्रीमंत होईल. वार्षिक सभेत ठराव आला. गुरुजी तेव्हा अध्यक्ष होते. धानाची वर्गणी भरणाऱ्या बाया त्या दिवशी अड्याळ, आसगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांतून झाडून आल्या. त्यात सगळ्या समाजांच्या होत्या आणि बहुतेकींच्या मुली त्याच खोल्यांत राहून शिकत होत्या. लग्नाच्या बँडमध्ये पोरी अभ्यास कशा करणार, एवढा साधा त्यांचा प्रश्न. विरोधात हात वर झाले. मागच्या सतरंजीवर नुसते हातच हात. माझ्या आईचा सगळ्यांत उंच.

शेठजी उठले. म्हणाले, “अध्यक्ष महोदय, एक हरकत आहे. या बायांची वर्गणी बँकेत जमा झाली का?”

कुणाला काही कळेना. धान बँकेत कसं जमा होणार? ते सरळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायचं, तिथून भरडायला, आणि मग आमच्या ताटांत. पण घटनेत लिहिलं होतं, बँकेत जमा झाली नाही ती वर्गणी मिळाली नाही. आणि ज्याची वर्गणी मिळाली नाही तो थकबाकीदार, त्याला मत नाही. नियम लिहिताना गुरुजींच्या डोळ्यांपुढे खिशात जाणारी रोकड होती. स्वतःच वर एका कलमात धान लिहिलं आहे, याची खाली लिहिताना आठवणच राहिली नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणाला तशी गरज पडली नव्हती.

सगळे गुरुजींकडे पाहत होते. त्यांनी घटना उघडली. तोंडपाठ होती, तरी उघडली. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “हरकत बरोबर आहे. मागचे हात खाली घ्या.”

हात खाली आले. आईचा सगळ्यांत शेवटी. ठराव मंजूर झाला.

मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. गौरवलेखात असं लिहीत नाहीत, ठाऊक आहे मला. पण मी त्या दिवशी खूप रडले. गुरुजींवरच रागावून रडले. त्यांनी सभा पुढे ढकलायला हवी होती, काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी एवढंच केलं की त्याच सभेत अध्यक्षपद सोडलं आणि सायकलने आमच्या घरी आले.

दारात उभे राहून म्हणाले, “बाई, तुमच्या हातावर मीच पाय देल्ला.”

आई चुलीपुढून उठली नाही. “नियम तुमचाच होता न जी? मंग आमच्या अंगानं काहून नाही बोलले?”

“माझाच नियम मी मोडला, तं उद्या शेठ मोडन. तवा त्याले कोन्या तोंडानं अडवू?”

“मंग बसा आपल्या नियमापाशी,” आई म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही तिने. आमच्या घरून कुणी पाणी न पिता गेल्याचं मला दुसरं आठवत नाही.

त्यानंतर गुरुजींनी जे केलं ते या संस्थेत दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ते साधारण सभासद होते, पेन्शनमधून दरवर्षी रोख वर्गणी भरायचे. पुढच्या हंगामात ते डोक्यावर धानाची चुंगडी घेऊन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आले आणि ती वर्गणी म्हणून ठेवून गेले. कारकून धावला, “गुरुजी, रोख भरा जी, तुमचं मत जाईन!”

“घटनेत धान चालते,” गुरुजी म्हणाले. “जाऊ दे मत.”

असे आमचे घटनाकार स्वतःच्याच घटनेत थकबाकीदार झाले. त्या वर्षी सभेला आले ते थेट मागे, सतरंजीकडे. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शेजारणीला कोपर मारून तेवढं म्हणाली, “सरक वं जराशी, गुरुजींले बसू दे.” तेव्हापासून दर सभेला ते तिथेच बसतात. मत मागताना सतरंजीवरचे सगळे हात वर होतात, त्यात त्यांचाही असतो. मोजणारा पुढच्या खुर्च्या मोजतो आणि थांबतो.

मंगल कार्यालय झालं, चांगलं चालतं. मागे वसतिगृहाच्या दोनच खोल्या उरल्या आहेत. लग्नसराईत मुली कानांत बोळे घालून अभ्यास करतात. पालकही आता मुलींना तिथे ठेवायला कचरतात, आणि मग शेठजी म्हणतात, मुली येतच नाहीत तर खोल्या कशाला? तिथे कार्यालयाचं स्वयंपाकघर करू. वा रे वा! आधी पाणी तोडायचं आणि मग धानाची बांधी वाळली म्हणून ओरडायचं.

मी नोकरीला लागल्यावर आजीव सभासद झाले. माझं मत मोजतात. दरवर्षी मी दुरुस्ती मांडते, की स्वयंपाकघरात धान मोजून घेतल्याची पावती हीच वर्गणीची पावती समजावी. एक ओळ आहे. गुरुजींनीच लिहून दिली आहे. तिला दोनतृतीयांश मतं लागतात आणि ती खुर्च्यांवरून यायची असतात. जिचा हात गेला तिला तो परत मिळावा की नाही, हे तिचा हात ज्यांनी खाली करवला तेच ठरवणार. दरवर्षी ठराव पडतो. सभेनंतर मात्र सगळे जाऊन गुरुजींच्या पाया पडतात!

आणि आता हा सोहळा. सत्कार त्याच मंगल कार्यालयात, शाल शेठजींच्या हस्ते, कारण ते आज अध्यक्ष आहेत. समितीने गुरुजींना ‘मानद सभासद’ करायचं ठरवलं आहे. मला सांगा, समितीतल्या कुणी ते कलम वाचलं आहे का? मानद सभासदाला मत नाही, कधीच मिळणार नाही. उद्या धानाची वर्गणी मान्य झाली तरी बाकी सगळ्यांचे हात मोजले जातील आणि गुरुजींचा तेवढा राहील. शिवाय मानदांची खुर्ची पुढे असते. म्हणजे सतरंजीवरून त्यांना उचलायचं, आणि उचलल्याबद्दल टाळ्याही आपणच वाजवायच्या.

निमंत्रण द्यायला मी आणि आई दोघी गेलो होतो. आई आता काठी घेऊन चालते. गुरुजींनी पत्रिका वाचली आणि घडी करून मला परत दिली.

“येतो मी. पण मानद-बिनद नको, मी आपला थकबाकीदारच बरा. अना शाल खालीच आणा म्हणा. मी सतरंजीवर राहीन.”

आई म्हणाली, “शेठ कायले येते जी खाली?”

“नाही आला तं नाही आला,” गुरुजी म्हणाले. मग खाली पाहत त्यांनी विचारलं, “बाई, तुमी येसान न?”

“मी नाही तं तुमाले जागा कोन देईन?” आई म्हणाली. निघताना तिने त्यांच्या घरचं पाणी मागून घेतलं.

गुरुजींना दीर्घायुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, कारण खाली बसायचं म्हणजे गुडघे लागतात. डोळे शाबूत राहोत, आपली ओळ घटनेत चढलेली त्यांना वाचता यावी. माझ्या आईलाही तितकंच आयुष्य मिळो. सत्कारानंतर त्याच सभागृहात वार्षिक सभा आहे आणि माझी दुरुस्ती विषयपत्रिकेवर सगळ्यांत शेवटी आहे. जेवणं तयार असतील, सगळ्यांना घाई असेल. तरी खुर्चीवरच्या प्रत्येकाने मत देण्याआधी एकदा मान वळवून मागे पाहावं. सतरंजीवर एक म्हातारी बाई आणि तिच्या शेजारी एक म्हातारे गुरुजी हात वर करून बसलेले दिसतील. शेठजी, शाल नंतर. आधी ते हात मोजा.