जे पाडायचं, त्याच्याच सावलीत

मंडळी, आज आईला घेऊन महूपलीकडच्या तिच्या माहेरगावी गेलो. छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज, बंद झाली; आता तिथलं काळ्या दगडाचं स्टेशन पाडणार असं कळलं होतं.

स्टेशनाच्या कमानींचा इतिहास सांगून पाडकामावरच्या रेल्वेच्या इंजिनिअरसाहेबांचं मन वळवायचं, असं मी ठरवलं होतं. साहेब नव्या पत्र्याच्या शेडमध्ये उकडतं म्हणून जुन्या स्टेशनाच्याच ओसरीत नकाशा पसरून बसले होते.

आई म्हणाली, "बेटा, जिसे तोड़ना है, उसी की छाँव में बैठे हो?"

ते वर कौलांकडे बघून हसले. "माताजी, बरामदा रखने का तो मैं लिख दूँगा."

"चल," आई मला म्हणाली, "तुझं भाषण आता घरी ऐकू."

नुसतं लिहून ओसरी वाचेल का, ठाऊक नाही. पण आज आशा वाटते. तुमच्या गावचं स्टेशन अजून सावली देतं का?