तिसरी चानकी

भाकरीचं पीठ संपत आलं की काठवटीला चिकटलेलं ओल्या हातानं खरवडायचं, त्याचा लिंबाएवढा गोळा करायचा आणि तळहातावर मावेल अशी भाकरी थापायची. ती चानकी. चानकी घरातल्या लेकरांची, मोठं माणूस तिला हात लावत नाही. गडमुडशिंगीच्या आमच्या घरात भाकरी सासूच थापायची. आम्ही दोघी सुना तिला आत्ती म्हणतो. जावेची दोन मुलं, त्यांच्या दोन चानक्या. माझी मुलगी झाली आणि तिला दात यायच्या आधीच आत्तीनं तिसरी टाकायला सुरुवात केली.

"आत्ती, ती अजून दूधच पिती की," मी म्हणायचे.

"हातात धरून बसंल. धरू दे की. तिच्या वाटणीची हाय ती."

मुलगी खरंच ती दोन्ही हातांनी धरायची, कडेनं चोखायची आणि शेवटी अर्धी मऊ चानकी पोटावर सांडून हसायची. मला वाटायचं, चला, पोरीला घर मिळालं. इतकं साधं वाटायचं मला तेव्हा.

ती रांगायला लागली आणि घर फुटलं. नवरा शिरोलीला फाउंड्रीत जातो. तिथलं काम कमी झालं आणि आठवड्यातले निम्मे दिवस 'उद्या येऊ नका' असा फोन यायला लागला. शेत आणि म्हशी थोरले दीर बघतात. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "आता ज्याचं त्यानं बघूया." आवाजात राग नव्हता, त्यामुळं भांडायलाही काही हाताला लागेना. चुलत सासरे येऊन बसले आणि भांडी वाटली गेली. म्हशी तिकडं, काठवट तिकडं. आम्हाला मागची, पेंड-भुसा ठेवायची खोली, एक तवा आणि दोन पातेली. आत्तीला कुठं राहायचंय हे कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तिची खाट होती तिथंच राहिली, म्हणजे ती तिकडची झाली.

दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार आहे, म्हणजे नुसती चौकट आहे, दाराला फळ्या कधी लावल्याच नव्हत्या. त्यामुळं वेगळ्या झालेल्या दोन स्वयंपाकघरांना एकमेकांचा सगळा वास यायचा.

माझ्याकडून काय वास जाणार? हुलगे शिजवायचे. वरचं पाणी गाळून, चिमूटभर मीठ घालून पोरीला पाजायचं, थोडं राखून त्याची आमटी करायची, आणि खालच्या हुलग्यांना माहेरहून आलेली चटणी लावून उसळ. एका पातेल्यात तिघांचं जेवण. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरडून ठेवायची, पोरीचं खिमट त्यातलं. मेथीची पानं एका दिवशी, देठं दुसऱ्या दिवशी बेसनात. गॅस पुरवायचा म्हणून शेणी लावून चूल पेटवायची आणि डोळे चोळत बसायचं. लोक आता कौतुकानं विचारतात, कमी सामानात एवढं चवीचं कसं करता हो? मी हसते. चवीचं होतं, खोटं कशाला बोलू. पण रविवारी पलीकडून मटणाला फोडणी बसायची तेव्हा माझी उसळ मलाच मुकी वाटायची. जाऊ चौकटीतून डोकावायची.

"तुमच्यात आज काय केलंय?"

तुमच्यात! बाळंतपणात हिनंच माझ्या पोरीला न्हाऊ घातलं होतं. दोन मुलांवर मुलगी हवी होती तिला, माझ्या पोरीच्या डोक्याला तेल लावताना गाणी म्हणायची. आणि भांडी वाटल्यावर चार दिवसांत तिच्या तोंडी 'तुमच्यात' बसलं.

आत्तीच्या हाताला मात्र वाटणी कळली नव्हती. संध्याकाळी मी माझ्या चुलीपुढं बसून ऐकायचे. मोठ्या भाकरीची थाप जड, संथ. चानकीची हलकी आणि भराभर. एक झाली, दुसरी झाली, थोडं थांबून तिसरी. पोरीलाही ती थाप कळायची. मांडीवरून उतरून ती थेट चौकटीतून पलीकडं रांगत जायची आणि जरा वेळानं हनुवटीला लोणी लावून परत यायची. मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचीच चीड यायची. पण मी तिला कधी अडवलं नाही. त्या चौकटीतून ती जात होती तोवर घर पूर्ण फुटलं नव्हतं, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी जावेनं चौकटीत सेंट्रिंगची फळी आडवी लावली. दोन्ही बाजूंना विटा रचून पक्की केली. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी उंच.

"चूल पेटल्याली असत्या," ती मला म्हणाली. "पोरगी रांगत येत्या. भाजलं-बिजलं म्हंजे? मी कुठं कुठं ध्यान देऊ?"

बोलणं बरोबर होतं. तिचा धाकटा याच चुलीपुढं रांगला, तेव्हा फळी कुणाला सुचली नव्हती, एवढंच. हे मी तोंडावर म्हणायला हवं होतं, पण खोट काढावी असं तिनं काही बोलण्यात ठेवलंच नव्हतं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप बस की. पोरीच्याच भल्याचं हाय." कामाला सुट्टी असली की हाच माणूस फळीवरून टांग टाकून पलीकडं जायचा, आईजवळ बसून घट्ट दुधाचा चहा प्यायचा आणि परत टांग टाकून माझ्याकडं कोऱ्या चहाला यायचा. मोठ्यांच्या पायांना ती फळी नव्हतीच.

पोरगी थाप ऐकून जायची, फळीला डोकं लावून बसायची आणि ओरडायची. तिसरी चानकी आत्तीनं पुढं काही दिवस थापली. थापायची आणि दुरडीत ठेवायची. उठून फळीपर्यंत यायची नाही. एका सकाळी म्हशीपुढच्या पाटीत, पेंडीच्या वर मला ती दिसली, कडक झालेली. मी आत येऊन पोरीला खिमट भरवलं. त्यानंतर एका संध्याकाळी मी कान लावून बसले. एक झाली, दुसरी झाली, आणि काठवट भिंतीला उभी केल्याचा आवाज आला.

माझी मुलगी पहिल्यांदा उभी राहिली ती त्या फळीला धरून. पलीकडची पोरं नाचायला लागली, "उभी राहिली, उभी राहिली!" जाऊ टाळ्या वाजवत म्हणाली, "अगं बया, बघा की हिला!" तिला खरंच आनंद झाला होता. आत्तीनं लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. सगळ्यांनी कौतुक केलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. फळी होती तिथंच होती. माझा त्या दिवशी फार संताप झाला.

दुसऱ्या दिवशी मीच चानकी केली. काठवट नव्हती, ताटात पीठ मळलं, ताट सरकत होतं, चानकी वाकडी झाली. वर तेलाचं बोट फिरवून पोरीच्या हातात दिली. मला वाटलं खाईल. ती चानकी घेऊन रांगत फळीपाशी गेली, एका हातानं फळी धरून उभी राहिली आणि दुसऱ्या हातानं चानकी पलीकडं धरली. आत्तीला. बोलता येत नव्हतं, नुसतं "आं, आं" करत होती.

आत्ती चुलीपुढं बसली होती. तिनं चानकीकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं.

"र्‍हाऊ दे बाळा," ती म्हणाली. "आमच्यात हाय की."

किती मायेनं म्हणाली! शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते. पोरगी हात तसाच पुढं धरून उभी राहिली, मग दमली आणि चानकी पलीकडं पडली. मी तिला उचलून आत आणलं.

आता ती शाळेत जाते. फळी कधीच निघाली, जावेनं तिच्यावर तुळशीच्या कुंड्या मांडल्या आहेत. नवऱ्याचं काम सुरळीत आहे, सणाला आम्ही एकत्र जेवतो, आत्ती नातीला जवळ घेते. पण माझी मुलगी अजून त्या चौकटीशी थांबते. तिची चुलत भावंडं धाडकन आत-बाहेर पळतात. ही पायाची बोटं जुळवून उभी राहते आणि विचारते, "मी आत येऊ?"

"ये की बाळा, ईचारतीस काय? आपलंच घर हाय," आत्ती म्हणते. आणि मग माझ्याकडं बघून सगळ्यांना सांगते, पोरीला वळण काय चांगलं लावलंय हिनं.

मी ते वळण लावलेलं नाही.