साडूची राखाडी तार

मुखेड तालुक्यात शेताला जाळीचं कुंपण करायचं म्हटलं की बावीस वर्षं लोकांच्या तोंडी एकच नाव यायचं, तारवाले साहेबराव. बस स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आत जाळी विणायचं यंत्र आणि दाराशी चकचकीत तारेची बंडलं. रोही आणि रानडुकरं वाढली तसं त्याचं कामही वाढलं. चार-पाच वर्षांत जाळी तांबूस व्हायची, मग भुरभुरायची, आणि शेतकरी पुन्हा त्याच्याकडेच यायचा. यात आपण कुणाला फसवतो असं साहेबरावला कधी वाटलं नाही. लोखंड म्हणजे गंजणारच, असं तो सरळ म्हणायचा, आणि त्याचा त्यावर विश्वासही होता.

मग त्याचा साडू मुखेडात आला.

आनंदराज म्हणजे साहेबरावच्या बायकोच्या, पंचशीलाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. लातूरच्या एमआयडीसीत तारेच्या एका कारखान्यात तो अकरा वर्षं जस्ताच्या भट्टीवर होता. हातावर वितळलेल्या जस्ताच्या शिंतोड्यांचे पांढरट डाग पडले होते. भट्टीपुढं उभं राहून डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा त्यानं नोकरी सोडली, आणि जाळीचं यंत्र घेण्याआधी साहेबरावकडं आला.

"दादा, तुमच्या गावात जाळीचा धंदा टाकू का?"

"टाक की. गाव का माझ्या नावावर हाय?" साहेबराव म्हणाला. तो हसत म्हणाला होता. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून.

आनंदराजची तार मळक्या राखाडी रंगाची होती आणि महागही. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा साहेबराव चारचौघांत म्हणाला, "तारेला राख फासून आणली का रं?" लोक हसले. आनंदराजही हसला आणि म्हणाला, "दादा, चकाकते तिच्यावर जस्त पातळ असतं. हिच्यावर जाड हाय." वाद घालायला तो थांबला नाही, कामाला लागला. साहेबरावला त्याचं हे न भांडणंच जास्त लागलं.

वर्षभरात एकेक गिऱ्हाईक सरकू लागलं. ते साहेबरावनं सोसलं. पण धर्माबादला जे झालं ते त्याच्या जिव्हारी लागलं.

धर्माबादजवळ त्याचे सासरे किशनराव गुरुजी यांची चार एकर जमीन होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथं मिरची लावली, तेव्हा साहेबरावनं स्वतः आठ दिवस राहून सगळ्या शेताला जाळी मारून दिली होती. मोठ्या जावयाचा मान म्हणून. सहा वर्षांत ती जाळी सडली. गुरुजींनी ती काढून टाकली आणि नवी आनंदराजकडून मारून घेतली. साहेबरावला विचारलंही नाही. बुद्धपौर्णिमेला सगळे जमले तेव्हा त्याला ते कळलं. त्याची तांबडी जाळी गोठ्याच्या मागं गुंडाळून टाकली होती आणि तिच्यावर शेणाच्या पाट्या पालथ्या घातल्या होत्या.

सकाळी वंदना झाली. जेवताना गुरुजी पाहुण्यांना सांगत होते, "आनंदराजनं केलेलं कुंपण आहे. माझ्यानंतरही राहील." पंगतीत साहेबराव त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याला खीर गोड लागेना.

दुपारी सगळे आडवे झाले तसा तो उठला. पिशवीत कानस होती, ती घेऊन तो ओढ्याच्या बाजूला गेला. त्याचा हिशेब सोपा होता. पितळेच्या भांड्याची कल्हई खरवडली की त्यात ताक कळकतं. तसंच या तारेवरचं जस्त घासून काढलं की आतलं लोखंड उघडं पडेल, पावसाळ्यात गंज धरेल, आणि एका पावसात आनंदराजची तार गंजली असं सासऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. त्यानं अकरा जागी कानस मारली. आतलं लोखंड पांढरं चमकलं की पुढं सरकायचा. सकाळी वंदनेत याच तोंडानं पंचशील म्हटलं होतं, पण हात थांबला नाही.

पावसाळाभर तो मनानं त्या ओढ्याकाठीच होता. मुखेडात सर पडली की त्याला वाटायचं, धर्माबादलाही पडली असेल. जेवता जेवता एकदम विचारायचा, "बाबांचा फोन आलता का? शेताचं काय म्हणत होते?" पंचशीलाला वाटलं, नवऱ्याला माहेरची ओढ लागली.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते पुन्हा धर्माबादला गेले. चहा घेतला न घेतला तोच साहेबराव ओढ्याकडं निघाला. खांब मोजत गेला, पण घासलेली जागा सापडेना. खाली बसून त्यानं तारेवरून बोट फिरवलं तेव्हा खरबरीत लागलं. गंज नव्हता. घासलेल्या भागाच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती आणि मधलं लोखंड मळकट होऊन गप पडलं होतं. त्यानं दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली. एका ठिकाणी कानस जरा रुंद फिरली होती, तिथं मधोमध चहाच्या डागाएवढी तांबूस झाक होती. चार महिन्यांच्या पावसात तेवढंच.

"अकरा जागा हायत, दादा," मागून आवाज आला.

आनंदराज उभा होता. साहेबराव उठला नाही. तारेवरचं बोट तेवढं काढून घेतलं.

"जुलैत कुंपणाखालचं तण काढायला आलतो, तवा दिसलं. कुणाला बोललो न्हाई."

"मग गंजली का न्हाई?" साहेबरावच्या तोंडून माफीच्या आधी हेच निघालं.

आनंदराज त्याच्या शेजारी बसला. "कल्हई खरवडल्यासारखं वाटलं आसंल तुमाला, तसं न्हाई हे. जस्त लोखंडाच्या आधी सोताला खाऊन घेतं. शेजारी जस्त हाय तवर मधलं थोडं लोखंड उघडं पडलं तरी ते त्याला गंजू देत न्हाई. ही पांढरी भुकटी त्याचीच. जाड असलं तर लई वर्षं पुरतं. पातळ असलं की लवकर सरतं, मग लोखंडाची पाळी येते."

त्यानं शिवी दिली असती, गळपट्टी धरली असती, तर साहेबरावला बरं वाटलं असतं. हा माणूस धडा शिकवावा तसं समजावून सांगत होता. साहेबराव उठला आणि घराकडं चालू लागला.

मुखेडला परतल्यावर त्यानं आनंदराजच्या यंत्राजवळून तारेचा एक तुकडा उचलून आणला. जस्त किती जाड आहे ते आनंदराज गिऱ्हाइकांना मोरचुदाच्या पाण्यात तार बुडवून दाखवतो हे त्याला ऐकून ठाऊक होतं. त्यानं खताच्या दुकानातून मोरचूद आणलं, काचेच्या बरणीत निळं पाणी केलं, आणि आपली व साडूची अशा दोन्ही तारा मिनिटभर बुडवून पुसल्या. पुन्हा बुडवल्या. दुसऱ्याच खेपेला त्याच्या स्वतःच्या तारेवर लालभडक तांबं चढलं आणि पुसता पुसलं जाईना. म्हणजे जस्त संपलं होतं. साडूची तार चौथ्या खेपेलाही राखाडीच निघाली.

पंचशीला दारात उभी होती. "काय करून राहिले?"

त्यानं सगळं सांगितलं, कानशीपासून. तिनं लाल झालेली तार उचलून पाहिली. मग म्हणाली, "बाबांला तुमीच सांगा. मी सांगणार न्हाई, आन झाकणार बी न्हाई."

सांगायला त्याला महिना लागला. एका रविवारी तो एकटाच धर्माबादला गेला. गुरुजी मिरच्या वाळत घालत होते. साहेबरावनं उभ्या उभ्याच सांगितलं. गुरुजींनी हातातली मिरची खाली ठेवली.

"मी चौतीस वर्षं पोरं शिकवली, साहेबराव. दुसऱ्याची पाटी पुसून कुणाचा नंबर वर गेलेला मी पाहिला नाही."

"हाव, मामा."

"आनंदराजला ठाऊक आहे हे?"

"हाय. जुलैपासून."

"आणि तो एका शब्दानं बोलला नाही?"

"न्हाई."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. साहेबरावनं ते पाहिलं. कबुली द्यायला तो आला होता. स्वतःच्या तोंडानं त्यानं आनंदराजचंच पारडं जड केलं होतं. गुरुजींनी जेवून जा म्हटलं. तो पान टाकून उठला नाही.

तरी एक गोष्ट त्यानं केली. पुढच्याच आठवड्यात अहमदपूरवरून तो लातूरला गेला, जाड जस्ताची तार शोधायला. आनंदराजला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण आनंदराजच्याच जुन्या कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं गाव विचारलं, मुखेड ऐकताच म्हणाला, "आनंदराजभाऊंचे कोण तुम्ही?" साहेबरावला खोटं बोलावंसं वाटलं. "साडू," तो म्हणाला, आणि फाटक उघडलं.

आत त्यानं भट्टी पाहिली. तेजाबानं धुतलेली काळपट तार नवसागराच्या पाण्यातून निघून वितळलेल्या जस्तात शिरत होती आणि पलीकडून पांढरी होऊन वर येत होती. जस्ताच्या पृष्ठावर आरशासारखी साय होती. उष्ण हवेनं त्याच्या भुवया ताणल्यासारख्या झाल्या. इथं अकरा वर्षं उभं राहायचं म्हणजे काय, हे त्याला त्या घटकेपुरतं कळलं. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "भाऊ होते तवा एक तार उघडी निघत नव्हती." साडूचं ते कौतुक ऐकलं आणि ते कळणं तिथंच विरलं.

जाड तार घेऊन तो परतला. आता मोरचुदाची बरणी त्याच्याही दुकानात असते. येईल त्याला तो पातळ आणि जाड अशा दोन्ही तारा बुडवून दाखवतो आणि जुन्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो, "मागं दिली ती पातळ होती. मला ठाऊक नव्हतं." काही जण ऐकून त्याच्याकडंच राहिले, काही उठून साडूकडं गेले. सणावाराला दोघं एका पंगतीला बसतात. आनंदराजनं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. साहेबरावला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो, आणि तो वाटतो याचाच रागही येतो.

नरसीवरून धर्माबादला जाणाऱ्या एसटीत तो नेहमी खिडकीशी बसतो. वाटेत आनंदराजनं मारलेलं एक लांब कुंपण लागतं. ते आलं की साहेबराव मान वळवून शेवटच्या खांबापर्यंत बघत राहतो. तांबूस ठिपका काही दिसत नाही.

"सापडलं का काही?" मागच्या खेपेला पंचशीलानं विचारलं.

"तार बरी हाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण कोपऱ्यातला खांब कललाय."