विलासच्या हातच्या कॉइल

हे मी अनघालाही सांगितलेलं नाही. अनघा माझी बायको. तिला मी सहसा सगळं सांगतो, कारण न सांगितलेलं तिला आधीच कळलेलं असतं. हे मात्र कळलेलं नाही — आणि कळलं असेल, तर ती माझ्यापेक्षा फार चांगली नटी आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विलासला ओळखत नाही, म्हणून असेल. त्याला ओळखणाऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

गोष्ट ऐकायला हास्यास्पद आहे. दोन पन्नाशीतले गृहस्थ, एक दंतवैद्य आणि एक विमा कंपनीतला कारकून, आणि त्यांची वाफ ओढायची यंत्रं. तुम्ही हसलात तरी चालेल. मीही बरीच वर्षं हसण्यावारीच नेत होतो.

विलासचा दवाखाना नाशिकला, इंदिरानगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. तो मूळचा देवळ्याचा, कांदेवाल्यांच्या घरातला. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत आडवा झालो. त्याने माझं तोंड उघडलं आणि म्हणाला, सिगारेट घरी माहीत आहे का? मी म्हणालो, तुमच्या मास्कमधूनही येतोय वास, तुमच्या घरी माहीत आहे का? त्या दिवसापासून तो मला भटजी म्हणायला लागला आणि मी त्याला कांदेवाल्या. आमचं घर पंचवटीतलं, यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करणाऱ्यांचं. मी त्यातून पळून नोकरीत शिरलो होतो, हे त्याला फार आवडायचं.

सिगारेट सोडायची म्हणून आम्ही दोघांनी व्हेप घेतले. तेव्हा बंदी आली नव्हती. कॉलेज रोडवर काळ्या काचांचं एक दुकान होतं, तिथे एक दाढीवाला तरुण हे सगळं दीक्षा दिल्यासारखं समजावून सांगायचा. त्याचं प्रवचन सोडून देतो, मुद्द्यापुरतं सांगतो. यंत्रावर एक छोटी टाकी असते, तिच्यात द्रव भरायचा. टाकीच्या तळाशी कॉइल — तारेचं इवलंसं वेटोळं, त्याच्या पोटात कापूस. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते. कॉइल दोन तऱ्हेच्या. एक तयार: जळका वास यायला लागला की काढायची, फेकायची, नवी पिळून बसवायची. दुसरी घरी वळायची: तार घ्या, वेढे द्या, स्क्रूखाली आवळा, कापूस ओवा. कापूस जळला तर तेवढाच बदलायचा, तार तीच. आमच्या टाकीला दोन्ही चालायच्या, फक्त तळ बदलावा लागे.

मी तयार घेतली. विलासने तारेचं रीळ घेतलं. यात आश्चर्य काय? त्याचं अर्धं आयुष्य पोरांच्या दातांना तारा वाकवण्यात गेलेलं.

दुपारी दवाखाना बंद असायचा. माझं ऑफिस जवळच. जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच्याकडे जायचो आणि साहेबांना ते चालायचं, कारण साहेब त्या वेळी स्वतः झोपलेले असायचे. मी रुग्णाच्या खुर्चीत आडवा. लवंगेच्या तेलाचा वास. विलास दिव्याखाली बसून दाढ कोरायच्या सुईच्या दांडीवर तार गुंडाळतोय, नाकात काहीतरी गुणगुणतोय. मी त्याला पेपरातल्या सत्काराच्या बातम्या मोठ्यांदा वाचून दाखवायचो — कोण कुणाला कार्यसम्राट म्हणाला, कुणाच्या वाढदिवसाला किती मान्यवर आले. तो न हसता म्हणायचा, "परत वाच." आणि मग हसायचा.

मला आजही कशाची आठवण येते? वाफेची नाही. त्या "परत वाच"ची.

तो दोन कॉइल वळायचा, एक त्याला, एक मला. दातांच्या तारांना लावायचे रबर ज्या चिमुकल्या पिशव्यांतून येतात, त्यात घालून द्यायचा. "तुझं ते बाजारचं डबडं फेक आणि ही लाव." मी खरंच लावली — पहिली. तासभर झटापट केली. स्क्रू निसटला, कापूस जास्त झाला, पहिल्याच झुरक्याला घसा असा पोळला की अनघाने मला सर्दीचा काढा दिला. मी निमूटपणे तयार कॉइल परत बसवली. दुसऱ्या दुपारी त्याने विचारलं, कशी चालली? मी म्हणालो, झकास.

इथून सुरुवात झाली. किती लहान, नाही का?

आमच्या वडिलांचं आठवतं मला. कार्याला बसणाऱ्याच्या बोटात दर्भाचं पवित्रक लागतं, गवताची अंगठी. वडील ती प्रत्येकाला समोर बसून, त्याचं बोट पाहून वळायचे. मी हाताशी असायचो तेव्हा बाजारातून तयार वळलेल्यांची जुडी आणून ठेवायचो आणि वडील नसताना त्याच वाटायचो. कार्यं व्यवस्थित पार पडायची. पितरांची तक्रार आली नाही. म्हणजे ही खोड जुनीच. माणूस आपल्यासाठी हाताने काहीतरी करतो, आणि मी ते घेतो, छान म्हणतो, आणि सोयीचं ते वापरतो.

विलासच्या कॉइल हिंगाच्या रिकाम्या डबीत पडत गेल्या. दर पंधरवड्याला एक. दर वेळी झकास. खरं का नाही सांगितलं? मला वाटायचं — त्याने माझ्यासाठी वळणं थांबवलं, तर दुपारीही थांबतील. मला कॉइल नको होती, दुपार हवी होती. पण हे मी त्याला सांगू शकलो असतो की. पन्नाशीतला माणूस दुसऱ्या पन्नाशीतल्या माणसाला असं म्हणत नाही, एवढंच.

हळूहळू त्याचा प्रश्न बदलला. आधी नुसतं "कशी चालली?" असायचं. मग, "सारखी तापते ना?" मग, "दोन्ही बाजूंनी?" मला वाटलं, कारागिराचा तोरा. चला, कांदेवाल्यालाही एकदाचा तोरा आला. मी मनातल्या मनात त्याची फिरकी घेत राहिलो आणि तोंडाने झकास म्हणत राहिलो.

मग बंदी आली. दाढीवाल्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लागली. माझ्या तयार कॉइल संपल्या, आणि एका रविवारी सकाळी मी हिंगाची डबी उघडली.

कॉइल बसवली की कापूस ओवण्याआधी बटण हलकेच दाबून बघायचं असतं. नीट वळलेली तार मधून लाल व्हायला लागते आणि लाली दोन्हीकडे सारखी पसरते. सगळ्यात वरची, म्हणजे ताजी पिशवी मी घेतली. ती एका टोकाला पांढरी पडेपर्यंत तापली आणि दुसरं टोक काळंच राहिलं. म्हटलं, स्क्रू सैल असेल. आवळला. तेच. तिच्या खालची घेतली — तीही तशीच. मग डबीच्या तळातली, पहिल्या दिवसांतली एक काढली. ती मधून फुलली. अगदी सावकाश, दोन्हीकडे सारखी.

मी त्या ओट्यावर मांडल्या. तळातल्या कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटून, मापाने. वरवर येताना फटी पडत गेलेल्या, शेवटचा वेढा सुटलेला. आणि मग इतर गोष्टी आपोआप येऊन बसल्या. विलास डावा हात खिशात ठेवायला लागला होता. पेपरची घडी मला करायला सांगायचा. त्याच्या बायकोने, माधुरीवहिनींनी, एकदा त्याच्या शर्टाचं बटण माझ्यासमोर लावलं होतं आणि मी त्यावर विनोद केला होता. माझी नोकरी काय, तर लोकांच्या अर्जांत काय लपवलंय ते शोधायचं. आणि ही सगळी कागदपत्रं मी डबीत ठेवून झाकण लावलं होतं.

सोमवारी दुपारी मी सांगायलाच गेलो होतो. खरंच. डबा उघडायच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. पण तोच आधी बोलला.

"परवाची लावलीस का, भटजी? खरं सांग."

आता बघा काय अडचण होती. ती वाकडी आहे असं म्हणायचं, तर आत्ताच कशी कळली, हेही म्हणावं लागलं असतं. म्हणजे पहिली सोडली तर मी इतके दिवस तुझी एकही वापरली नाही, दर वेळी खोटं बोललो. एवढीच अडचण. एवढ्याशा लाजेपायी — तुमचा विश्वास बसतो? — माझ्या तोंडून निघालं,

"झकास आहे रे. दोन्ही बाजूंनी."

त्याने श्वास सोडला. डावा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं. "मग ठीक आहे," म्हणाला, "मग झोपच नीट होत नसेल." आणि मला पेपर वाचायला सांगितला. मी वाचला. "परत वाच," म्हणाला. मी परत वाचला.

पुढचे काही महिने तो रोज काम करत होता. मी संध्याकाळी वरच्या मजल्यावर, घरात, त्याच्या दात कोरायच्या यंत्राचा आवाज ऐकत होतो. रोज. प्रत्येक वेळी आवाज मध्येच थांबला की माझा हात थांबायचा. तरी खाली गेलो नाही. म्हणजे जेवायला गेलो. सांगायला गेलो नाही.

एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्याच्या जुन्या रुग्ण. दाढ कोरताना त्याने डाव्या हाताने त्यांचा गाल धरून ठेवला होता. हात सुटला. गाल आतून फाटला, टाके पडले. बाईंनी तक्रार केली नाही. उलट रुमाल तोंडाला लावून त्याच त्याची समजूत काढत होत्या. विलासने त्या संध्याकाळी शटर ओढलं आणि पुन्हा उघडलं नाही.

मुंबईला दाखवायला मीच घेऊन गेलो. कंपवात निघाला. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, आजार काही थांबला नसता. हे वाक्य मी बरेच दिवस खिशात घालून फिरलो. पण आजाराबद्दल कोण बोलतंय? त्याने स्वतःहून, ताठ मानेने शटर ओढलं असतं. कुणाचं रक्त बघून नाही.

परतताना घाट चढून आल्यावर आम्ही चहाला थांबलो. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"मी तुला विचारत होतो रे," तो म्हणाला. "कॉइलच्या निमित्ताने. पेशंट तोंडावर चांगलंच बोलतात. माधुरी घाबरली असती. म्हटलं, तू एक नंबरचा खवचट. हात बिघडला तर पहिला तूच सांगशील."

तेव्हा तरी? समोर रस्ता, हातात चहा, बोलायला अख्खं इगतपुरी ते नाशिक. मी म्हणालो, "मला तर काही जाणवलं नाही रे."

तो म्हणाला, "हो ना. तुला नाही जाणवलं म्हणजे नसेलच तेव्हा."

त्याच्या निरोपाला दंतवैद्यांनी एक समारंभ केला. शाल, श्रीफळ, सगळं. आयुष्यभर ज्या भाषणांची टर उडवली तसलंच एक मी केलं, सगळ्यांत लांब. त्याच्या हातातल्या जादूबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. तो पहिल्या रांगेत बसला होता. मला वाटलं, तो आता म्हणेल, परत वाच. तो नुसता बघत होता.

आता तो देवळ्याला असतो, भावाच्या घरी. दवाखान्याच्या जागेत क्लासेस आहेत. जेवायच्या सुट्टीत मी ऑफिसातच डबा खातो. वाफ ओढणं केव्हाच सुटलं. पेपरात एखादा कार्यसम्राट दिसला की मी तो अजूनही कापून ठेवतो. फोन केला तर त्याला तो स्पीकरवर ठेवावा लागतो, मग भावजय, पुतणे सगळे ऐकत असतात, आणि बोलायचं ते राहतं. मी जायला पाहिजे तेवढा जात नाही. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. तो ओट्यावर उन्हात बसला होता, मागे कांद्याची चाळ. लांबूनच म्हणाला, "काय भटजी, कसं शे?" गावी गेल्यापासून तो पुन्हा तिकडचं बोलायला लागलाय. मांडीवर त्याचं तारेचं जुनं रीळ होतं. बोटांना व्यायाम सांगितलाय, म्हणून पेन्सिलीवर तार गुंडाळतो. बराच वेळ लागला. मी कापलेली बातमी वाचून दाखवली. तो ऐकत होता, वळत होता. मग पेन्सिलीवरून कॉइल काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

"कशी झालीय?"

मी ती उन्हात धरली. वेढ्यांतून पलीकडचं दिसत होतं.

"वाकडी आहे," मी म्हणालो.

विलास माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आता पूर्वीसारखा हलत नाही, त्यामुळे त्यावरचं वाचता येत नाही.

"आता सांगतोस होय?" तो म्हणाला.

आणि हसला. मला विचारता आलं असतं. नुसतं एवढंच, की तुला माहीत होतं का. तो थांबलाही होता, मला वाटतं — हसून झाल्यावर थोडा वेळ, माझ्याकडे बघत.

मी त्याच्याबरोबर हसलो.