पगाराचे डॉलर
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा धूर नाकात गेला की मला चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यातली ती दुपार आठवते. अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा मला पाहायला आला होता, म्हणून वडिलांनी भरीत-पुरीचा बेत केला होता. केळीच्या पानांवर गरम भरीत वाढलं होतं, मिरचीच्या ठसक्याने पाहुण्यांचे डोळे पाणावले होते. मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. मुलाच्या काकांनी माझा पगार विचारला, मोबाइलवर त्याचे डॉलर केले आणि म्हणाले, "एवढ्यात तिथे एका खोलीचं भाडं निघत नाही. सोड ही नोकरी." सगळे हसले. वडिलांनी मान खाली घातली आणि ते मला सहन झालं नाही. मी मुलालाच विचारलं, "असं जेवण तिथे कितीला पडतं?" तो ओशाळून म्हणाला, "वीस डॉलर तरी." मी काकांकडे वळले, "इथे तेवढ्यात ही अख्खी पंगत जेवते, काका. माझा पगार धुळ्यात खर्च होतो. नुसत्या डॉलरच्या दराने त्याला भागू नका, दोन्हीकडचे भाव धरा." काका कडाडले, "मुलगी फार बोलते!" तेव्हा वडिलांनी मान वर केली आणि माझं सगळं बोलणं खरं ठरवत आमच्या अहिराणीत शांतपणे म्हणाले, "पोर बोलनी ते बठ्ठं खरं शे, भाऊ." स्थळ गेलं. नातेवाईक कितीतरी दिवस माझ्या जिभेला दोष देत राहिले. मी अजून त्याच कॉलेजात शिकवते. पगार कुणी विचारला तर रुपयांत सांगते, आणि माझ्यासमोर त्याचे डॉलर कुणाला करू देत नाही.